मिनिटाला पन्नास थेंब

मित्रांनो, तुम्ही माझ्याजवळ स्टूल घेऊन बसलात आणि टक लावून पाहत राहिलात, तरी मी काम करताना तुम्हांला दिसणार नाही. इतका मी हळू चालतो. मी एक सिरिंज पंप आहे, वाशीम जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यातला, आणि आता बराच जुना झालो आहे. पांढरा डबा, समोर आकड्यांचा पडदा आणि वर एक खोबण, एवढंच माझं रूप. त्या खोबणीत औषधाने भरलेली मोठी सिरिंज आडवी बसवतात. मग माझा दांडा तिचा दट्ट्या मागून ढकलत राहतो. तासाभरात तो जेमतेम नखाएवढा पुढे सरकतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मला जोडून झाल्यावर तिथल्या एका बाईंनी माझ्यात पाण्याची सिरिंज बसवली, पुढे वजनकाट्यावर एक वाटी ठेवली आणि आठ तास माझी परीक्षा घेतली. मी किती जोर लावतो हे त्यांना पाहायचंच नव्हतं. मी सारखा ढकलतो का, मध्येच अडखळतो का, एखादा थेंब जास्त देतो का, याच्यावर त्यांची नजर होती. मला जरा कमीपणा वाटला. शेजारच्या टेबलांवर घरघर आवाज करणारी मोठाली यंत्रं होती. माझ्या वाट्याला मात्र नखाएवढं सरकणं आलं होतं. त्या सरकण्याचं मोल मला दवाखान्यात आल्यावर कळलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत एका ट्रकमधून मी इकडे आलो. खोक्यातून काढलं आणि तासाभरातच मला कामाला लावलं. त्या दिवशी माझी आणि एका औषधाची ओळख झाली. त्याचं नाव नॉरॲड्रेनलिन. दवाखान्यात सगळे त्याला नॉरॲड म्हणतात. करंगळीच्या दोन पेरांएवढी त्याची काचेची कुपी. त्याला उजेड सोसत नाही, म्हणून ती अंधाऱ्या खोक्यात ठेवतात. फोडली की आत दिसायला नुसतं पाणी. रंग नाही, वास नाही. अशा दोन कुप्या ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून माझ्या सिरिंजमध्ये भरल्या. मी ढकलायला लागलो आणि समोरच्या खाटेवर जे घडलं ते पाहून मी थक्क झालो.

त्या माणसाचा रक्तदाब इतका उतरला होता की मनगटाला नाडी लागत नव्हती. ओठ राखेसारखे, हाक मारली तर उत्तर नाही. माझा दांडा तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा सरकला नसेल, तोच शेजारच्या यंत्रावरचा आकडा चढू लागला. पंचावन्न. बासष्ट. चौऱ्याहत्तर. थोड्या वेळाने त्या माणसाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी त्या सिरिंजकडे पाहत होतो. त्यातलं औषध पूर्वीइतकंच वाटत होतं.

पुढे सलग बावीस दिवस मी थांबलो नाही. मित्रांनो, खोटं सांगत नाही, सगळी माणसं वाचली नाहीत. हे औषध रोग बरा करत नाही. रोगाशी झुंजायला ते वेळ मिळवून देतं. कधी तो वेळ पुरतो, कधी पुरत नाही. तरी त्या दिवसांत माझी किंमत सर्वांना होती. जाता-येता कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून मी चालू असल्याची खात्री करून घेई.

मग लाट ओसरली. तो वॉर्ड बंद झाला आणि मला कपाटावर ठेवण्यात आलं. माझ्या अंगावर आधी चादरींचा गठ्ठा आला, त्यावर जुनी रजिस्टरं आली. दोन उन्हाळे मी तसाच होतो. माझ्या पोटातल्या बॅटरीला त्या काळात कुणी वीज दाखवली नाही. कुणाचं वैर नव्हतं, मी लक्षातच नव्हतो.

मला खाली उतरवलं सरिता सिस्टरांनी. त्या कामरगावच्या. बदली होऊन आमच्या दवाखान्यात आल्या आणि आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळी कपाटं उघडून पाहिली. मला ओल्या फडक्याने पुसलं, वायर लावली, पाण्याची सिरिंज बसवून चालवून पाहिलं आणि तातडीच्या खोलीत खिडकीजवळ माझी जागा ठरवून दिली. भिंतीवरचा एक प्लग माझा. नव्या बॅटरीसाठी त्यांनी अर्जही केला. दर सोमवारी त्या मला सुरू करून बघत. बाई शिस्तीच्या, बोलणं मोजकं. त्यांची मुलगी साक्षी नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिचा फोन आला की मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

आता जे सांगतो ते सोयाबीन निघून गेल्यानंतरच्या दिवसांतलं आहे. साक्षीची तोंडी परीक्षा होती. सिस्टरांना तिच्या फोनची वाट होती आणि मोबाईल बंद पडत आला होता. खोलीतले बाकीचे प्लग भरलेले. दुपारी त्यांनी माझी वायर काढली आणि तिथे मोबाईल लावला. फोन आला, परीक्षा चांगली गेल्याचं कळलं, सिस्टर बोलत बोलत मोबाईल घेऊन बाहेर गेल्या. माझी वायर तशीच लोंबत राहिली. जुनी बॅटरी तडकलेल्या माठासारखी असते. सतत भरत राहिलं तरच ती भरलेली राहते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी जवळजवळ रिता झालो होतो. पडद्यावर मात्र भरलेल्या बॅटरीच्या तीन रेघा दिसत होत्या. म्हाताऱ्या बॅटऱ्या अशा फसवतात.

त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास शेलूबाजारकडून एक जीप आली. मागच्या सीटवर भागिरथाबाई आडवी होती आणि तिचं डोकं तिचा नवरा लखीराम याच्या मांडीवर होतं. दोघंही तिकडच्या एका तांड्यावरची. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आणि नंतर ऊस तोडायला जाणारी माणसं. बाईला पाच दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता, लघवीला आग होत होती. कामाचे दिवस म्हणून तिने अंगावर काढलं. त्या सकाळी ती चुलीपुढे बसल्या जागी कलंडली आणि भलतंच बोलू लागली.

डॉक्टर रेणू राठोड त्या दिवशी एकट्याच होत्या. त्यांनी बाईच्या पोटऱ्या चाचपल्या, नखं दाबून पाहिली, रक्तदाब घेतला. वरचा आकडा पासष्ट. लघवीतलं विष रक्तात पसरलं होतं. दोन्ही हातांना सुया लागल्या, सलाईन वेगाने सुटलं, जंतू मारणारं औषध गेलं. एक बाटली संपली, दुसरी संपली. आकडा अडुसष्टावर अडून बसला. डॉक्टर सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, की नॉरॲड भरा.

सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना लोंबणारी वायर दिसली. एक क्षण त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ती प्लगमध्ये लावली, सिरिंज बसवली आणि मला सुरू केलं. तासाला पाच मिलीलीटर.

लखीराम पायथ्याशी उभा होता. डॉक्टरांनी त्याला त्यांच्या तांड्याच्या बोलीत समजावलं. त्या स्वतः त्याच समाजातल्या. बाहेर आलेल्या नातलगांना नंतर त्यांनी तेच मराठीत सांगितलं. शेतात तुषार सिंचनाचे पाइप टाकतात, त्यातलं प्रेशर उतरलं की शेवटची नोझल फिरत नाही, तिकडचं पीक वाळतं. बाईच्या अंगातलं प्रेशर तसं उतरलंय. मेंदू आणि मूत्रपिंडं शेवटच्या नोझलवर आहेत. लखीरामने मान हलवली. त्याला ते पूर्ण समजलं होतं, म्हणूनच तो जास्त घाबरला.

इकडे माझा दांडा सरकत होता आणि आकडे चढत होते. बहात्तर, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मी हे शंभरदा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी मला तितकंच नवल वाटतं. भागिरथाबाईने डोळे उघडले आणि नवऱ्याला विचारलं, "बकऱ्या कोनं सोडल्या?" लखीराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं, की तो रडत होता.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात तिला न्यायला हवं होतं, आणि तो अकोल्याला. मोठी रुग्णवाहिका एका अपघातावर गेलेली. दवाखान्याची साधी गाडी होती आणि चालक राजपाल होता. डॉक्टरांना दवाखाना सोडता येत नव्हता, म्हणून सरिता सिस्टर निघाल्या. लखीरामही गाडीत बसला. निघताना डॉक्टरांनी ग्लुकोजची मोठी बाटली, चार कुप्या आणि बारीक थेंब सोडणारा सलाईनच्या नळीचा एक सेट त्यांच्या पिशवीत टाकला. "मशीन आहे, तरी असू द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

मला भिंतीवरून सोडवून खाटेच्या कडेला अडकवलं. दीड तास काय ती वीज माझ्या पोटात गेली होती. गाडीत प्लग होता, सिस्टरांनी तो पहिल्यांदा लावून पाहिला. त्याला करंटच नव्हता. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. तीन रेघा. राजपालला त्यांनी फक्त लवकर चल म्हणून सांगितलं.

अर्ध्या तासाने एका पुलाचं काम चाललेलं होतं, तिथे वाहनं थांबली होती. ऊन डोक्यावर आलेलं. राजपाल उतरून वाट मोकळी करायला धावला. नेमक्या त्याच वेळी माझ्या पडद्यावरच्या तिन्ही रेघा एकदम गेल्या. मी ओरडू लागलो. माझी ती किंचाळी फार कर्कश असते, मित्रांनो. ती माणसाला सावध करण्यासाठी दिलेली आहे. ऐंशी-नव्वद सेकंद मी ओरडलो. मग पडदा काळा झाला आणि माझा दांडा जागच्या जागी थांबला.

यंत्र बंद पडलं, तरी मी सगळं पाहत होतो. हे औषध शरीरात साठून राहत नाही. येतं, काम करतं आणि दोन-तीन मिनिटांत विरून जातं. म्हणून त्याची धार तुटू द्यायची नसते. भागिरथाबाईच्या डोळ्यांच्या पापण्या अर्धवट मिटल्या. आकडा शहात्तरवर आला, मग अडुसष्टवर.

सिस्टरांनी माझ्यावर एकदाही हात आपटला नाही. मी थांबायच्या आधीच त्यांनी बाटली बाहेर काढली होती. दोन कुप्या फोडून त्या बाटलीत रिकाम्या केल्या, बाटली उलटीसुलटी करून मिसळली, सेट टोचला, नळीतली हवा काढली, माझी नळी सोडवून ती जोडली. त्यांची बोटं इतकी स्थिर होती, की कारखान्यात माझी परीक्षा घेणाऱ्या त्या बाईंची आठवण यावी. फक्त कपाळावरून घाम ओघळत होता. माझ्यात पन्नास मिलीलीटरमध्ये जेवढं औषध होतं, तेवढंच आता पाचशे मिलीलीटरमध्ये गेलं होतं. म्हणजे दहापट वेगाने, तासाला पन्नास मिलीलीटर सोडायला हवं, आणि त्या बारीक सेटमधून एका मिलीलीटरचे साठ थेंब पडतात. त्यांनी हिशेब ओठांतल्या ओठांत केला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. मिनिटाला पन्नास थेंब.

तेवढ्यात राजपाल परतला आणि गाडी सुटली. बाटली वरच्या हुकाला अडकवली होती, पण ती गाडीच्या हिसक्यांनी झुलू लागली. थेंब कधी दोन एकदम पडत, कधी पडतच नसत. सिस्टरांनी लखीरामकडे पाहिलं.

"दादा, हे बाटली वर धरा. छातीशी नाई, वर. हालू देऊ नका."

लखीराम गाडीत उभा राहिला. छत ठेंगणं, म्हणून मान वाकवून, एक पाय खाटेला टेकवून, दोन्ही हातांनी त्याने ती बाटली धरली. ऊस तोडणारे हात ते. हिसका बसला की त्याचं अंग हलायचं, पण हात वेगळेच कुणाचे असल्यासारखे जागेवर राहायचे. सिस्टर खाली बसून थेंब मोजत होत्या. पंधरा सेकंदांत बारा, कधी तेरा. कमी पडले की नळीवरचं चाक केसभर सैल, जास्त पडले की केसभर घट्ट. मोजून झालं की रक्तदाब, मग पुन्हा थेंब.

पूल मागे पडला. राजपाल आता खड्डा दिसला की गाडी जवळजवळ उचलून नेत होता. सिस्टरांच्या मोजण्याचा आवाज तेवढा चालू होता. हळूहळू लखीरामही पुटपुटत मोजू लागला. आकडा बहात्तरवर आला. पाऊण तास ते दोघं मोजत होते. ज्या कामासाठी मला मोटर दिली, चाकं दिली, पडदा दिला, ते काम एक बाई डोळ्यांनी आणि एका बोटाने करत होती आणि एक माणूस हात वर करून उभा होता. मी त्या औषधाला फार मोठं मानत आलो होतो. त्या दिवशी मला त्या दोघांपुढेही मान खाली घालावीशी वाटली.

अकोल्याच्या दवाखान्यात खाट आत गेली तेव्हा आकडा चौऱ्याऐंशी होता. तिथल्या पंपाने काम हाती घेतलं. लखीरामचे हात खाली आले तरी बराच वेळ बोटं मिटलेलीच होती.

बाहेरच्या बाकावर सिस्टरांनी मला मांडीवर घेतलं होतं. लखीराम शेजारी येऊन बसला. त्याने काही विचारलं नव्हतं. त्यांना गप्प राहता आलं असतं. यंत्र जुनं होतं, रस्ता खराब होता, गाडीचा प्लग बंद होता. कुणीही तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "मशीन बंद पडली ते माह्या चुकीनं. काल म्या तिची वायर काढून माहा मोबाईल लावला होता. मंग वायर लावाचं इसरली."

लखीरामने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. आत कुठेतरी एक ट्रॉली खडखडत गेली.

"आता लावा नं मंग," तो म्हणाला. "वापसीत कोनाले लागली त?"

सिस्टर उठल्या. बाकाच्या मागे भिंतीत एक प्लग होता. त्यांनी मला त्याच्याखाली फरशीवर ठेवलं आणि वायर लावली. मग तिथेच उकिडव्या बसून, पदर तोंडाला लावून, त्या दिवसात पहिल्यांदा रडल्या.

परत आल्यावर त्यांनी हेच डॉक्टरांना सांगितलं आणि लिहूनही दिलं. डॉक्टर रागावल्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी बॅटरीच्या अर्जाची प्रत मागवून घेतली आणि स्वतः फोन करत राहिल्या. तीन आठवड्यांनी नवी बॅटरी आली. खोलीत मोबाईलसाठी एक वेगळा बोर्डही बसला.

भागिरथाबाई अकोल्याला अकरा दिवस होती. दीड महिन्याने ती आमच्याकडे तपासणीला आली. अंगाने वाळली होती, पण स्वतःच्या पायांनी आली. त्या वर्षी दोघं ऊस तोडायला गेलीच नव्हती. ती बाकावर बसली, तेव्हा लखीरामने तिला लांबून मला दाखवलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी तिला विशेष वाटलो नसणार. तिला ते औषध पाहायचं होतं.

सिस्टरांनी खोक्यातून एक कुपी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उजेडाकडे न धरता ओंजळीच्या सावलीत पाहिली, कुणी सांगितलं नसताना.

"एवढुसंच?" ती म्हणाली. "कायपासून बनवते हे?"

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "कारखान्यात बनवते. पन हे तुमच्या आंगातबी बनते, भागिरथाबाई. रोज बनते. मानूस बसल्या जागचा उठते, तवा समदं रक्त पायाकडं उतराले पाह्यते. मंग शरीर हेच सोडते अन् त्याले वर धरून ठेवते. त्या दिवशी तुमच्या आंगातलं पुरलं नाई, म्हून आमी बाहेरून देलं."

कुपी भागिरथाबाईने दोन्ही हातांनी परत दिली. बाहेर शेलूबाजारच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. तिने बाकावर एक तळहात टेकवला आणि ती उभी राहिली. क्षणभर तशीच उभी राहिली, स्वतःच्या पायांकडे पाहत. मग डोक्यावरचा पदर सारखा करून चालत गेली.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. दवाखान्यात भिंतीला लावलेली एखादी वायर दिसली, तर ती काढू नका. कुणी काढलेली दिसली, तर सांगा. चूक तुमची असली तरी सांगा. आम्ही यंत्रं बोलत नाही, आणि ओरडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि आता ही गोष्ट संपली, की तुम्ही उठून उभे राहाल. डोळ्यांपुढे अंधारी येणार नाही, पाय लटपटणार नाहीत, तुम्ही सरळ दाराकडे चालत जाल. ते आपोआप घडतं, म्हणून साधं समजू नका.